वाढत्या अंगाचे तीन फ्रॉक

शिलाई मशीनवरून दोऱ्याचं रीळ घरंगळलं आणि फरशीवर टक् टक् करत थेट कपाटाखाली गेलं. दुपारभर घरात झालेला तेवढाच आवाज. थोरलीने श्वास रोखून आतल्या खोलीकडे पाहिलं. दार लोटलेलं होतं, सहा वर्षांची मुंगी झोपलेली होती. रीळ काढायला ती गुडघ्यांवर बसली, हात कपाटाखाली कोपरापर्यंत गेला, आणि नेमका तेव्हाच मशीनवर ठेवलेला फोन थरथरू लागला.

“हॅलो?… हो, मीच. दुसरं कोण असणार… हळू बोलतेय कारण ती झोपलीये. अर्धा तास झाला असेल… तू कुठे आहेस? विमानतळावर? कधीपासून?… अगं बाई, दोन दोन तास आधी कशाला जाऊन बसायचं? तुझ्याजवळ सामान तरी आहे का काही?… हो, हो… खांद्याची पर्स. बरोबरच आहे. येताना पर्स, जाताना पोरगी.”

शब्द तोंडून गेले आणि थोरलीने जीभ चावली.

“नाही गं, टोमणा नव्हता… अगं ऐक ना. गंमत केली. माझ्या गमती अशाच असतात, लहानपणापासून ऐकतेस… रडू नकोस तिथे. शेजारी कुणी बसलंय ना? त्यांना वाटेल कुणी गेलंबिलं की काय.”

पलीकडे होती तिची धाकटी बहीण. संध्याकाळी ती इथे उतरणार होती, एक रात्र राहणार होती आणि उद्या सकाळच्या विमानाने मुंगीला घेऊन परत जाणार होती. मुंगीला सांगितलेलं एवढंच, की मावशीकडे जायचंय, मोठ्या सुट्टीत. खरं सांगायचं तर मुंगी या मावशीचीच मुलगी. तिचा बाप पत्ता न ठेवता निघून गेला, तेव्हा ती चार महिन्यांची होती आणि धाकटीचं नर्सिंगचं शिक्षण अर्ध्यावर होतं. वसतिगृहात तान्हं मूल ठेवून घेत नाहीत. “ताई, सहा महिने सांभाळ,” म्हणाली. त्या सहा महिन्यांची सहा वर्षं झाली. बोलायला लागल्यावर मुंगीने थोरलीला आई म्हटलं, आणि कुणी दुरुस्त केलं नाही. आधी गंमत म्हणून केलं नाही, मग सोय म्हणून, आणि पुढे धीरच झाला नाही म्हणून. आता धाकटीचं लग्न झालं होतं, नवऱ्याला सगळं माहीत होतं, आणि सुट्टीनंतर मुंगी तिथल्याच शाळेत जाणार होती. हे सगळ्यांना ठाऊक होतं. फक्त मुंगीला नव्हतं.

“काय म्हणालीस?… बॅग भरतेय ना. सात किलो म्हणालीस, सात किलो भरतेय… हो बाई, हातात धरायची एकच बॅग. मोठी दिसली तर पोरीला कळेल, हे तू दहादा सांगितलंस. दोन महिन्यांच्या सुट्टीला कुणी कपाट उचलून नेत नाही. कळतं मला… विकतची कशाला? मीच शिवली, तू पाठवलेल्या मापात. अर्धा इंच आतच आहे. विमानतळावरच्या त्या बॅगा मापायच्या चौकटीत अशी बसेल ना, की तिथली मुलगी विचारेल, कुणी शिवली म्हणून.”

तिने फोन कानाशी खांद्याने दाबून धरला आणि रीळ जाग्यावर ठेवलं. निळ्या कापडाची बॅग पलंगावर उघडी पडली होती.

“वजन?… केलं. तुझ्या भाऊजींनी केलं सकाळी. बॅग उचलून काट्यावर उभे राहिले, मग बॅग ठेवून उभे राहिले, आणि वजाबाकी केली. दोन वेळा. सात किलो सहाशे निघालं… हो, सहाशे जास्त… अगं, गंमत सांगते. वजन झालं तरी बॅग खाली ठेवेनात. अशी आडवी हातावर घेतलेली, आणि दाराशी उभे. म्हटलं, काय झालं? तर म्हणाले, आली तेव्हा एवढीच होती ना गं?… मी कशाला काही बोलतेय. मग म्हणाले, चपलेचा अंगठा तुटलाय, शिवून आणतो. गेले ते गेलेच. तीन तास झाले… नाही, काळजी नाही. पण चपला इथेच आहेत दाराशी. बूट घालून गेलेत.”

पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. थोरली पटकन बॅगेवर वाकली.

“थांब हं, बूट काढते. तिचे. पायात घालून येईल ती, म्हणजे चारशे ग्रॅम वाचले… अगं, ऐकलं मी काय विचारलंस ते. बूट काढतेय, थांब ना जरा.”

धाकटी एकच विचारत होती, सांगितलंस का तिला? तसं ठरलं होतं. थोरलीने सांगायचं, कारण मुंगी तिचंच ऐकते. धाकटी पोहोचायच्या आत सांगायचं, म्हणजे रात्रभर पोरीला दोघींच्या कुशीत रडता येईल. महिन्याभरापूर्वी फोनवर हे फार शहाणपणाचं वाटलं होतं.

“राहिले दोनशे ग्रॅम. काय काढू सांग… लोकरीचं मुळात घातलंच नाही. तुमच्याकडे थंडी पडते माहितीये, पण सुट्टीत स्वेटर कशाला, असं विचारलं असतं तिने. ती कसली सोडतेय… खोकल्याचं औषध चालतं का विमानात?… शंभर मिलीच? मग ही बाटली बाद. बरं, नाव लिहून देते… आणि हे लक्षात ठेव. तिचा आधी कान दुखतो, मग नाक वाहतं. सगळ्या जगाचं उलटं असतं, हिचं असं आहे. डॉक्टर म्हणतील नाक आधी, तू त्यांचं ऐकू नकोस… हो, तू नर्स आहेस, माहितीये. बारा खाटांचा वॉर्ड सांभाळतेस, तेही माहितीये. पण हिच्या कानाची नर्स मी आहे.”

ती थोडी हसली. पलीकडेही कुणी हसलं असावं, कारण पुढचं ती जरा मोकळेपणाने बोलू लागली.

“लिहून घेतेस का? नको, लिहू नकोस, नुसतं ऐक… झोपताना टेप लागते. टेप गं, माप घ्यायची, आमच्या दुकानातली. जुनी झालीये, पहिले चार इंच पुसलेत. बोटाला गुंडाळून झोपते. ती बॅगेत नाही टाकत, तिच्या हातात देईन. हातातल्याचं वजन करतात का?… नाही ना. मग झालं तर. आणि जागेपणी सगळं मोजत सुटते. परवा शेजारणीचं मांजर मोजलं. शेपटीसकट वेगळं, शेपटीशिवाय वेगळं… हो, मांजर बसून राहिलं! मापाला आलेल्या गिऱ्हाइकासारखं हात वर करून… अंडं खाते, पण पिवळं वेगळं काढून. ते शेवटी खाते. टाकत नाही, तू उचलून टाकशील हं. शेवटासाठी ठेवलेलं असतं… आणि हात सुकवायची ती हवेची यंत्रं असतात ना, विमानतळावर, त्यांना घाबरते. रुमाल ठेव जवळ.”

“काय घेतलंयस?… गोंड्यांचं जाकीट? अगं बाई, गोंडे कापून टाक आधी. तिला सुटा दोरा दिसला की ओढल्याशिवाय राहवत नाही. आमच्या पडद्यांना झालर होती, आठवते का तुला?… नाही ना आठवत? आता नाहीच ती.”

“किती? अकरा फ्रॉक?… शहाणे, दुकान काढतेस का? आणि माप कशावरून घेतलंस?… लेबलावर सहा वर्षं लिहिलं होतं म्हणून घेतलेस. अगं, वर्षं सहा आहेत तिला, पण खांदे पाचाचे आहेत आणि हात साताचे. बाह्या मनगटाच्या वर राहतील सगळ्या… नको नको, परत नको करूस. घालील. तुझ्या हातचं म्हणून घालील… फक्त माझे तीन पण घालशील ना तिला? रोज नाही म्हणत मी. अधूनमधून.”

ते तीन फ्रॉक बॅगेत सगळ्यात वर होते. एक ठिपक्यांचा, एक चौकड्यांचा, एक हिरवा. थोरली कपडे लहान-मोठे करून देणाऱ्या दुकानात कामाला होती. माणसं जाड होतात, बारीक होतात, मुलं वाढतात, त्यावर त्या दुकानाचं चालायचं. मुंगी तिथेच कापायच्या टेबलाखाली, चिंध्यांत वाढली होती. मुलांचे कपडे आले की दुकानाचे शिंपी मास्तर विचारायचे, “वाढत्या अंगाचं करायचं का?” आणि हो म्हटलं की तळाला आत जास्तीचं कापड दुमडून ठेवायचं, म्हणजे मूल वाढलं की उसवून फ्रॉक खाली सोडता येतो. मास्तरांचा हिशेब सरळ होता. एका वर्षाला एक दुमड. मुंगीलासुद्धा तो पाठ होता. टेबलाखालून ती गिऱ्हाइकांना सांगायची, एक दुमड म्हणजे एक वाढदिवस.

थोरलीने तिन्ही फ्रॉक बाहेर काढले आणि आतल्या दाराजवळच्या खुर्चीच्या पाठीवर टाकले. खुर्ची किंचित मागे झुकली.

“सांगू का तुला, ते दोनशे ग्रॅम कशाचे आहेत?… हसशील तू… नाही, नीट ऐक, हे तुझ्या कामाचं आहे. या फ्रॉकना तळाला तीन तीन दुमडी घातल्यात मी… एकीच्या आत एक. मास्तर बघून म्हणाले, बाई, फ्रॉक शिवताय की जिना?… अगं, हळू, सांगते. तुला उसवता येत नाही. तू ब्लेड घेणार आणि कापड फाडणार, तुझा गणवेश फाडला होतास तसा. म्हणून साखळीचा टाका घातलाय. कापायचं काहीच नाही. आतल्या बाजूला, शिवणीपाशी, दोऱ्याचं टोक सोडलंय. ते धरायचं आणि ओढायचं. सर्रकन सगळी दुमड सुटते. मग वरून इस्त्री फिरव, झालं… पुढच्या वर्षी लाल दोरा ओढ. त्याच्या पुढच्या वर्षी निळा. आणि मग पिवळा. म्हणजे तू घोटाळा करणार नाहीस… लाल, निळा, पिवळा. म्हण बघू… हॅलो?… हॅलो? आहेस ना?”

थोरली खिडकीपाशी गेली. समोरच्या इमारतीत कुणी गादी झटकत होतं, धूळ उन्हात उभी राहिली होती.

“अगं, मग रडायचं काय त्यात? कापडच तर आहे… तीनच. चौथ्याला कापड पुरलं नाही.”

हे ती अगदी साधेपणाने बोलली, दुकानात गिऱ्हाइकाला सांगावं तसं.

“नाही. नाही सांगितलं… हो, म्हणाले होते मी. काल बसले होते सांगायला. केस विंचरताना. म्हटलं, मुंगे, एक गोष्ट सांगायची आहे तुला. तर म्हणाली, राजाची का खरी? म्हटलं, खरी. तर म्हणाली, मग नको, राजाची सांग… आता तूच सांग, मी काय करायचं? सांगितली राजाची. एका राजाला दोन आया होत्या, इथपर्यंत आले… मग झोपली ती… झोपली. नाहीतर सोंग केलं असेल. तिचा कंगवा केसांतच होता, मी तसाच राहू दिला.”

“आज? आज कधी?… उठल्यावर. दूध प्यायल्यावर सांगते… अगं, सांगते म्हटलं ना… वचन? वचनाचं तू बोलू नकोस. तू कुठल्या तोंडाने वचनाचं बोलतेस? सहा महिने म्हणाली होतीस तू! सहा महिने! त्या दाराशी उभी राहून म्हणालीस, ताई, फक्त सहा…”

आवाज चढलेला तिच्याच कानांना लागला. तिने तोंडावर हात दाबला आणि आतल्या दाराकडे पाहिलं. पलंग एकदा करकरला. मग शांत.

“…कूस बदलली बहुतेक… बोल. बोल ना, शिव्या दे मला… अगं, गप्प नको बसूस… चुकलं माझं. ऐक, चुकलं. तुझा काय दोष? तू आलीस ना दर महिन्याला. रात्रपाळी करून आलीस, उभ्याने प्रवास करून आलीस. खेळणी आणलीस, आणि तिने मावशी म्हटलं की ओ दिलीस. मला काय कळत नव्हतं? बाथरूममध्ये जाऊन नळ सोडायचीस. आणि मी बाहेरून ओरडायचे, पाणी वाया घालवू नकोस म्हणून… पाण्यासाठी नाही गं ओरडायचे. तू बाहेर यावीस म्हणून. दुसरं काय म्हणायचं ते सुचायचं नाही.”

तिने पदर नव्हता म्हणून बाहीनेच नाक पुसलं.

“ऐक ना… एक विचारू? रागावू नकोस… पुढच्या वर्षी नेलंस तर?… एक वर्ष गं. पहिली इथे होऊ दे, दुसरीपासून तू घाल तिथे. मी लाल दोरा इथेच ओढते. तोवर ती जरा मोठी होईल, तिला समजेल…”

गादी झटकणारी बाई आत गेली. खिडकी लागली.

“…नाही. नको, तू काही बोलू नकोस. मला माहितीये. गेल्या वर्षीही मी हेच म्हटलं होतं. आणि त्याच्या आदल्या वर्षीही. पुढच्या वर्षी पुन्हा म्हणेन. मला समजतं सगळं. ठरलंय ते ठरलंय… नाही, तू घेऊनच जा. मी उद्या काहीही म्हटलं ना, दार अडवून बसले तरी, तू घेऊनच जा तिला. ऐकतेस ना? माझं ऐकू नकोस.”

मग तिने डोळे पुसले आणि पुन्हा बॅगेपाशी आली. अस्तराच्या आत, शिवणीला समांतर, एक चोरकप्पा होता. तिने शिवलेल्या प्रत्येक पिशवीला असायचा. कुणी मागितला नाही तरी.

“आणखी एक. बॅगेत उजव्या हाताला अस्तर चाचपून बघ, चोरकप्पा आहे. त्यात एक फोटो ठेवलाय… आमचा नाही गं. तुमचा. तुमच्या दोघींचा. दवाखान्यातला, पहिल्या दिवशीचा. तुझे केस विस्कटलेत, आणि ती अशी रुसल्यासारखी बघतेय कॅमेऱ्याकडे… मी काढला होता. इतकी वर्षं माझ्याकडे होता. तू मागितला नाहीस, मी दिला नाही. आता तिला सांगशील ना सगळं, तेव्हा दाखव. म्हणजे तिला वाटणार नाही, आपल्याला मोठी माणसं काहीतरी बनवून सांगतायत… ग्रॅमभरसुद्धा नाही त्याचं वजन. ते मोजूच नकोस.”

“आणि मला मावशी म्हणायला शिकव… अगं, शिकवायला नको का? एका घरात दोन आया कशा चालतील… एका घरात नाही, हो, बरोबर. दोन घरांत. तरी. पण एकदम नको शिकवू. आधी नुसतं ‘तिकडची’ म्हणू दे, मग हळूहळू… मी ओ देईन. सवय करतेय ना. परवा दुकानात एक मुलगी म्हणाली, मावशी, एवढी चेन लावून द्या. तर माझ्या हातातली कात्रीच पडली… हो, हसतेच आहे मी. मास्तर म्हणाले, बाई, मावशी म्हटलं तर एवढं काय, आजी म्हटलं असतं तर?”

दोघी बहिणी हसल्या. निदान इकडची तरी हसली. दारातून कुणी आलं असतं तर त्याला वाटलं असतं, सुट्टीच्याच गप्पा चालल्यात.

“कसली घोषणा चाललीये तिकडे?… तुझंच विमान ना? जा मग, रांगेत उभी राहा… राहू दे, चालता चालता बोल… दोनशे ग्रॅमचं सांगून जा ना मला. काय काढू? रंगांची डबी काढू?… तिच्या उशीचा अभ्रा आहे एक, धुतला नाही मुद्दाम. घरचा वास राहावा म्हणून. तो काढायचा नाही… एक फ्रॉक काढू? तीनातला?… कुठला काढू?… हो, तुझंही खरं आहे. दोनांतही तेवढीच वर्षं आहेत. बरं, एक ठेवते मग माझ्याकडे. बघायला. चौकड्यांचा ठेवते, तो…”

बोलता बोलता तिने खुर्चीकडे हात केला. हाताला ठिपक्यांचा लागला, हिरवा लागला. खुर्ची आता मागे झुकलेली नव्हती. आतलं दार, जे तिने लोटलेलं होतं, ते वीतभर उघडं होतं.

“थांब… एक मिनिट. चौकड्यांचा… इथेच तर टाकला होता आत्ता…”

आतून आवाज आला. सर्रकन. दोरा कापडातून सुटतो तसा. थोरलीने तो आवाज आयुष्यात हजारो वेळा ऐकला होता. थोडा वेळ काही नाही. मग पुन्हा, सर्रकन. आणि तिसऱ्यांदा.

“अगं, ठेवू नकोस… ठेवू नकोस फोन. थांब… नाही, रांगेतच राहा, पण ठेवू नकोस. तिने… ती उठलीये. मी ओरडले ना मघाशी, तेव्हाच उठली बहुतेक… काय ऐकलं आणि काय नाही, मला काय माहीत?… अगं, ते दोरे! टोकं बाहेर ठेवली होती ना मी, तुला सापडावीत म्हणून… तुझ्यासाठी ठेवली, आणि ही…”

दार उघडलं. मुंगी उंबऱ्यात उभी होती. उशीची घडी गालावर उमटलेली, गळ्यात मास्तरांसारखी टेप. चौकड्यांचा फ्रॉक तिने अंगाशी लावून हनुवटीने दाबून धरला होता. गुडघ्यापर्यंत शिवलेला फ्रॉक घोट्यांपर्यंत आला होता. तळाशी आडव्या तीन घड्या जिन्यासारख्या दिसत होत्या. पायांभोवती लाल, निळा आणि पिवळा दोरा, एकमेकांत गुंतलेला.

“आई, हा वाढत्या अंगाचा आहे,” ती म्हणाली. तक्रार नव्हती त्यात. दुकानात सापडलेलं बटण दाखवावं तसं.

“हॅलो?… ऐकतेयस ना?… ती समोर उभी आहे माझ्या. तू बोल तिच्याशी. स्पीकरवर घेते… मला नाही जमत गं, तू सांग, तू म्हणालीस ना सांगायचं, मग सांग आता… छोटे, बोल ना तिच्याशी काहीतरी… हॅलो?… कसला आवाज येतोय? विमानाकडे नेणाऱ्या बसमध्ये आहेस?… ऐकू येत नाहीये… ऐक, थांब, ठेवू…”

फोनमध्ये एक टिंग झालं आणि मग काहीच नाही.

“हॅलो? हॅलो?…”

थोरलीने फोन कानावरून काढला नाही. निदान तेवढा वेळ तरी कुणाशी तरी बोलत असल्यासारखं दिसेल, म्हणून.

मुंगी खाली बसली. फ्रॉक फरशीवर पसरून तिने टेप काढली, पुसलेले चार इंच नेहमीसारखे तोंडानेच मोजले, आणि गुडघ्याच्या खुणेपासून खालपर्यंत मापलं. मग एकेका घडीवर बोट ठेवलं. एक. दोन. तीन. पुन्हा एकदा वरून मोजलं, कारण मास्तर म्हणतात, कापण्याआधी दोनदा मोजावं.

“आई,” तिने मान वर न करता विचारलं, “मावशीकडच्या सुट्टीत माझे तीन वाढदिवस येणार आहेत. मग त्यातल्या कितव्याला तू येशील?”